वयानुरूप भाचेबुवा

नाशकात मुक्त विद्यापीठ आहे आणि त्याचं ब्रीदवाक्य आहे ‘ज्ञानगंगा घरोघरी’. १९८९ साली हे विद्यापीठ निघालं ते शेतावर राबणाऱ्यांसाठी, संसाराला लागलेल्यांसाठी, दहावीला गटांगळी खाल्लेल्यांसाठी. ज्याला शाळेपर्यंत जाता आलं नाही त्याच्या दारी शाळेनं जावं, इतका साधा हिशेब. पण नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतात, विद्यापीठाकडे जाणारा रस्ता गंगापूर रोड, आणि त्या रस्त्यावर अलीकडे जे टॉवर उभे राहिलेत त्यांतल्या काही सुशिक्षित जोडप्यांनी ते ब्रीदवाक्य फारच मनावर घेतलं. गंगा घरीच येणार असेल तर पोरानं दप्तर घेऊन बाहेर पडायचं कशाला? माझी ताई आणि दाजी हे त्यांतलंच एक जोडपं.

भाचेबुवांचा जन्म २०१४चा. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा ते मोठ्या शिशुवर्गात होते. पहिली आणि दुसरी त्यांनी ताईच्या मोबाइलवर केली. या दोन वर्षांत त्यांना शाळेविषयी एवढंच कळलं की तिला नेटवर्क लागतं आणि बाईंचा आवाज बंद करता येतो. शाळा उघडल्या तोवर ताईची ‘तोत्तोचान’ आणि गिजुभाई बधेकांचं ‘दिवास्वप्न’ वाचून झालं होतं, आणि दाजींचे तीन-तीन तासांचे इंग्रजी व्हिडिओ बघून झाले होते. दोघांचा निष्कर्ष एकच निघाला. पोरगं शिकतंय घरातच, शिकवतोय आपणच, फी तेवढी शाळा घेतेय. जून २०२२ मध्ये दाखला काढला.

तो दाखला मी वाचलाय. ‘अभ्यासातील प्रगती : चांगली. वर्तणूक : चांगली. शाळा सोडण्याचे कारण : पालकांच्या विनंतीवरून.’ ज्या विद्यार्थ्याचा दोन वर्षं फक्त कपाळाचा भाग आणि मागचा पंखा दिसला, त्याची वर्तणूक चांगली आहे हे शाळेनं कशावरून ठरवलं असेल? पंखा नीट फिरत होता, हीच जमेची बाजू.

आमची आई जिल्हा परिषदेची निवृत्त शिक्षिका. सगळी हयात दिंडोरी तालुक्यात गेली. घरशाळेचा बेत ऐकून ती रागावेल असं सगळ्यांना वाटलं होतं, पण तिनं फक्त विचारलं, ‘‘दाखला कुठे ठेवलायस?’’ ताईनं फाइल दाखवली. ‘‘लॅमिनेशन करू नकोस, आणि हरवू नकोस,’’ एवढं बोलून ती मेथी निवडायला लागली.

त्यानंतरची दोन वर्षं खरोखर मजेची होती, हे मी मामा म्हणून साक्षीला उभं राहून सांगेन. नाशिकसारखं गाव घरशाळेला सोन्याहून पिवळं. नांदूरमधमेश्वर हे राज्यातलं पहिलं रामसर क्षेत्र तासाभरावर. थंडीत पहाटे उठून तिथली बदकं मोजणं हा गणिताचा तास. अंजनेरीला गिधाडं आणि नाण्यांचं संग्रहालय, म्हणजे विज्ञान आणि इतिहास एका पेट्रोलमध्ये. १८४० साली सुरू झालेलं सार्वजनिक वाचनालय, आमची ‘सावाना’, म्हणजे भाषा. नाशिकरोडला नोटांचा छापखाना आहे, पण तिथे कुणाला आत सोडत नाहीत. तेव्हा दाजींनी भाचेबुवांना बाहेरून नुसती भिंत दाखवून महागाई समजावली. भाचेबुवांनी विचारलं, ‘‘एवढ्या छापतात तर आपल्याला कमी का पडतात?’’ दाजी म्हणाले, हा धडा पुढच्या आठवड्यात. तो आठवडा अजून उजाडायचाय.

त्याच काळातली एक गोष्ट ताईला सांगितलेली आवडत नाही, म्हणून सांगतो. जुलै २०२२ मध्ये सरकारनं ‘मिशन झिरो ड्रॉपआउट’ काढलं होतं. शिक्षकांनी घरोघर फिरून शाळाबाह्य मुलं हुडकायची. बाकीच्या वेळी ही मुलं वीटभट्टीवर, बसस्थानकावर, उसाच्या फडात, पाड्यांवर सापडतात. एक शिक्षिका मात्र नियमाला धरून गंगापूर रोडच्या आमच्या सोसायटीच्या गेटवरही आल्या. वॉचमननं त्यांना तिथेच थोपवलं. ‘‘बाई, तसली पोरं इथं नाहीत. इथं सगळे फ्लॅटवाले आहेत.’’ बाईंनी ‘निरंक’ लिहिलं आणि वळल्या. आणि वर चौथ्या मजल्यावरून भाचेबुवा, वय वर्षे आठ, बाईंच्या छत्रीवरची अक्षरं दुर्बिणीतून वाचत होते.

कायद्याच्या दृष्टीनं ते शाळाबाह्यच. सहा ते चौदा वयाचं मूल पटावर नसलं की शाळाबाह्य, मग ते घरी गुरुत्वाकर्षण शिकत असो की शेळ्या राखत असो. जर्मनीत मुलाला घरी शिकवायला बंदीच आहे. पालकांना दंड होतो. अमेरिकेत लाखो मुलं राजरोस घरी शिकतात. आपल्या २००९च्या शिक्षण हक्क कायद्यानं घरशाळेला परवानगी दिलेली नाही आणि ती करणाऱ्या पालकाला शिक्षाही सांगितलेली नाही. कायदा त्या वाटेला गेलेलाच नाही. लग्नात मानपानावरून रुसलेल्या नातेवाइकाकडे यजमान बघतच नाही ना, तसं.

घरशाळावाल्या पालकांना दोन प्रश्न हमखास विचारले जातात. पहिला, ‘‘पुढे काय?’’ त्यावरचं उत्तर ताईला पाठ होतं. दहावीला सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसता येतं, नाहीतर राष्ट्रीय मुक्त विद्यालय आहेच, आणि मुंबईच्या एका मुलीला तर दहावी-बारावी न करताच २०१६ मध्ये थेट अमेरिकेच्या एमआयटीत प्रवेश मिळाला. या मुलीनं आंतरराष्ट्रीय संगणक ऑलिम्पियाडमध्ये पदकं मिळवली होती, हा तपशील सांगताना मात्र ताईचा आवाज जरा खाली जायचा. दुसरा प्रश्न खालच्या मजल्यावरच्या काकूंचा : ‘‘मुलगा आजारी आहे का गं?’’ याचं उत्तर तिला शेवटपर्यंत सापडलं नाही.

परत शाळेत जायचा विषय काढला तो खुद्द भाचेबुवांनी. एका दुपारी जेवताना म्हणाले, ‘‘मला डबा खायचाय.’’ पुढ्यात ताट होतं, ताटात गरम पोळी होती. तरी म्हणाले, ‘‘असं नाही. डब्यातून. दुसऱ्याच्या.’’ ताईनं बालमानसशास्त्राचं पुस्तक उघडायच्या आत दुसरी मागणी आली. त्यांना तक्रार करायची होती. घरात तक्रार करायची तर कुणाची, आणि कुणाकडे? आईची बाबांकडे केली तर दोघं आधी शांतपणे चर्चा करतात आणि मग तिघांनी मिळून भावना व्यक्त करायच्या असतात. त्यांना हवा होता एक असा माणूस, ज्याच्याकडे बोट दाखवून ‘‘बाई, हा बघा!’’ म्हणता येईल. दहा वर्षांच्या आयुष्यात त्यांना एकदाही ‘‘बाई, हा बघा!’’ म्हणता आलं नव्हतं. ऐकून मला भडभडून आलं.

ताईचं कारण जास्त कागदी होतं. आठवीपर्यंत कुणाला नापास करायचं नाही हा नियम राज्यानं २०२३ साली बदलला. आता पाचवीला आणि आठवीला वार्षिक परीक्षा, पास न झाल्यास फेरपरीक्षा, तरी न झाल्यास त्याच वर्गात मुक्काम. त्यातच आणखी एक खुंटी मारलेली : पाचवीपर्यंत मुलाला वय बघून थेट वर्गात घेतील, पण सहावी ते आठवीत घालायचं तर आधी पाचवीची परीक्षा पास हवी. म्हणजे गाडी पकडायची तर पाचवीच्या स्टेशनावरच. जून २०२४ मध्ये मंडळी एका अनुदानित मराठी शाळेच्या ऑफिसात दाखल झाली. ‘मामाचा हात लागला की काम होतं’ या समजुतीनं मलाही नेलं होतं.

खुर्चीवर भाऊसाहेब. प्रत्येक शाळेत मुख्याध्यापक बदलतात, भाऊसाहेब बदलत नाहीत.

‘‘दुसरीचा दाखला दिसतोय. तिसरी-चौथी कुठं केली?’’

‘‘घरी,’’ ताई म्हणाली.

‘‘घरी म्हणजे कुठल्या शाळेत?’’

‘‘शाळेत नाही. घरी.’’

भाऊसाहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. ‘‘बरं, संस्थेचं नाव सांगा.’’

इथे दाजींनी नको ते केलं. त्यांनी घरशाळेला एक संस्कृत नाव ठेवलं होतं, ते सांगितलं. भाऊसाहेबांनी ते शुद्धलेखनासहित लिहून घेतलं आणि विचारलं, ‘‘यू-डायस नंबर?’’ देशातल्या प्रत्येक शाळेला अकरा आकडी यू-डायस क्रमांक असतो. दाजींजवळ सोसायटीचा पिनकोड होता. तो सहा आकडी.

मग भाऊसाहेबांनी संगणकावर शोध घेतला आणि गंभीर चेहऱ्यानं जाहीर केलं, ‘‘तुमचा मुलगा ड्रॉप बॉक्समध्ये आहे.’’ ताईनं चिरंजीवांचा हात घट्ट धरला. नंतर कळलं, की एका शाळेतून नाव कमी झालं आणि दुसऱ्या शाळेनं उचललं नाही, तर ते मूल सरकारी प्रणालीत त्या पेटीत जाऊन पडतं. भाचेबुवा बदकं मोजत होते, गिधाडांची चित्रं काढत होते, आणि त्याच वेळी ते दोन वर्षं पेटीतही बसून होते. त्यांना स्वतःला ही बातमी अतिशय आवडली. ‘‘पेटीत अजून कोण कोण आहे?’’ त्यांनी विचारलं.

आमच्या मागे एक बाई उभ्या होत्या. सुरगाण्याकडच्या. नवरा-बायको दोघं बिल्डिंगच्या कामावर, बरोबर साधारण भाचेबुवांच्याच वयाचा मुलगा. आधी आश्रमशाळेत होता, मग कामाच्या मागे आईबापांबरोबर इथे तिथे. भाऊसाहेबांनी त्यांना मान वर न करता सांगून टाकलं, ‘‘आधी दाखला आणा, मग बघू.’’

ताईच्या पर्समध्ये कायद्याच्या कलमांची प्रिंटआउट होती, महत्त्वाच्या ओळी पिवळ्या केलेली. आपल्यासाठी आणलेला दारूगोळा तिनं दुसऱ्याच आघाडीवर उडवला. ‘‘कलम पाच,’’ ती म्हणाली, ‘‘दाखल्याला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवता येत नाही. कलम चौदा, वयाचा पुरावा नाही म्हणून नाकारता येत नाही. कलम पंधरा, मुदत संपली तरी घ्यावं लागतं. आणि कलम चार, वयाला साजेशा वर्गात घालून वर विशेष प्रशिक्षण द्यायचं.’’

‘‘मॅडम, तुम्ही वकील का?’’

‘‘नाही. गृहिणी.’’

वकील असती तर भाऊसाहेब इतके घाबरले नसते. ते उठून मुख्याध्यापिकाबाईंना बोलावून घेऊन आले. कायद्यानं दार दोन्ही पोरांसाठी सारखंच सताड उघडं ठेवलेलं. फरक एवढाच की एकाच्या आईजवळ ते उघडं असल्याची प्रिंटआउट होती. तसं बघितलं तर ही सगळी कलमं त्या सुरगाण्याच्या पोरासाठीच लिहिलेली. आमचे भाचेबुवा त्याच्या तिकिटावर आत शिरत होते.

मुख्याध्यापिकाबाई मोठ्या समंजस. चाचणी घ्यायला कायद्यानं मनाई आहे, हे त्यांना माहीत होतं, म्हणून म्हणाल्या, ‘‘चाचणी नाही हं, नुसत्या गप्पा मारू.’’ गप्पा अशा : ‘‘सात नव्वे किती?’’ भाचेबुवा म्हणाले, ‘‘कशाचे?’’ घरी त्यांना प्रत्येक गणित कशाचं तरी असायचं. बाई दोन क्षण थांबल्या आणि म्हणाल्या, ‘‘रुपये.’’ ‘‘त्रेसष्ट रुपये.’’ सुरगाण्याच्या पोरानं ‘त्रेसष्ट’ त्याच्या आधीच म्हटलं होतं, पण हळू.

दोघांची नावं एकाखाली एक चढली. ‘वयानुरूप प्रवेश.’ जनरल रजिस्टरला लागोपाठचे नंबर.

आता काव्यगत न्याय बघा. मुलांची झोप होत नाही, असं तेव्हाचे राज्यपाल रमेश बैस बोलले आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये सरकारनं हुकूम काढला की चौथीपर्यंतच्या शाळा सकाळी नऊच्या आधी भरवायच्या नाहीत. अंमल जून २०२४ पासून. म्हणजे भाचेबुवा तिसरी-चौथीत घरी आठपर्यंत लोळत होते तेव्हा सगळ्या महाराष्ट्राची पोरं पहाटे उठत होती, आणि सगळ्यांना झोपायची मुभा मिळाली त्याच महिन्यात हे पाचवीत गेले. शाळा सातची. व्हॅनवाले काका सव्वासहाला खाली हॉर्न वाजवतात. त्या हॉर्ननं चौथ्या मजल्यावरचं बालमानसशास्त्र एका आठवड्यात निकालात काढलं. ‘मुलाला त्याच्या नैसर्गिक लयीनं उठू द्यावं’ असं मानणारी ताई आता त्याला झोपेतच मोजे घालते.

पुस्तकांचाही असाच योग. दप्तराचं ओझं कमी व्हावं म्हणून बालभारतीनं त्या काळात एका पुस्तकाचे चार भाग केले होते आणि प्रत्येक पाठामागे वहीसारखी कोरी पानं जोडली होती. वर छापलेलं : ‘माझी नोंद’. वर्गातल्या इतर पोरांनी तिथे शब्दार्थ लिहिले. भाचेबुवांना मात्र ‘माझी’ म्हणजे माझीच वाटली. त्यांनी खारीच्या सवयी, व्हॅनवाल्या काकांच्या शिव्या (पहिलं अक्षर लिहून पुढे टिंबं) आणि वर्गातल्या पंख्यावर बसणाऱ्या कबुतराची दिनचर्या नोंदवली. बाईंनी लाल शेरा मारला : ‘पाठाविषयी लिही.’ जानेवारी २०२५ मध्ये सरकारनं ती कोरी पानं पुढच्या वर्षापासून रद्दच केली. भाचेबुवांचा ठाम समज आहे की ते त्यांच्यामुळे झालं.

घंटेशी त्यांचं फार दिवस जमलं नाही. गोष्ट अर्ध्यावर असताना तास कसा संपतो? तहान मधल्या सुट्टीतच कशी लागायची? एकदा मराठीच्या तासाला त्यांनी एका शब्दाच्या लेखनावरून बाईंशी वीस मिनिटं वाद घातला. घरी तक्रार आली तेव्हा दाजींना हर्ष झाला. त्यांनी लगेच टिळकांचा दाखला दिला. बाळ टिळकांना लहानपणी वडिलांनी, गंगाधरपंतांनी, घरीच संस्कृत आणि गणित पक्कं शिकवलं होतं, आणि शाळेत ‘संत’ हा शब्द तीन तऱ्हांनी लिहून ते गुरुजींशी भांडले, अशी आख्यायिका आहेच. आईनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, ‘‘गंगाधरपंत पुढे शाळा तपासनीस झाले होते, ते सांग की. घरी शिकवलं, पण नोकरी शाळेचीच केली.’’ दाजींनी त्यानंतर टिळकांना आराम दिला.

विशेष प्रशिक्षण मात्र रंगलं. शाळा सुटल्यावर अर्धा तास, विद्यार्थी दोन : भाचेबुवा आणि सुरगाण्याचा दोस्त. शिक्षिकेला वरून आलेलं साहित्य बाराखडीपासूनचं, आणि ते पूर्ण केल्याची नोंद करायची होती. तेव्हा गिधाडांवरचं जाडजूड पुस्तक संपवलेले भाचेबुवा ‘क का कि की’ म्हणत आणि तोंडी हिशेबात वर्गाला भारी असलेला दोस्त काड्या मोजून बेरीज करी. नोंद पूर्ण झाली. उरलेल्या वेळात दोघांनी आपापलं शिक्षण उरकलं. दोस्ताला झाडावर चढता येत होतं आणि भाचेबुवांना त्या झाडाचं नाव येत होतं.

डब्याची इच्छा पहिल्याच दिवशी फळाला आली. ताईनं नाचणीचे लाडू दिले होते. वर्गात त्यांचा भाव काय, हे भाचेबुवांना पाच मिनिटांत समजलं : चार लाडवांना अर्धी चकली. दुसऱ्या आठवड्यात त्यांनी मागणी वाढवायची युक्ती काढली. ‘‘हे कुस्तीवाले खातात,’’ असं सांगून टाकलं. भाव वर गेला. छापखान्याची भिंत बघून जे कळलं नव्हतं ते इथे कळलं. आणि अर्धी चकली कुणीतरी परस्पर लांबवली तेव्हा त्यांनी बाकावर उभं राहून, पूर्ण आवाजात, ‘‘बाई, हा बघा!’’ अशी आरोळी ठोकली. त्या दिवशी घरी आले ते सणासुदीसारखे.

ताईचंही शाळेशी नातं जडलंय. ‘प्रकल्प मुलानं स्वतःच्या हातानं करावा’ हे तिचं तत्त्व होतं आणि अजूनही आहे. फक्त रात्री साडेदहाला पालकांच्या ग्रुपवर ‘उद्या सूर्यमाला आणायची आहे ना?’ असा मेसेज पडला की ती स्कूटर काढून अर्धवट शटर पाडलेल्या स्टेशनरीवाल्याकडून थर्माकोलचे गोळे आणते. शनीचं कडं दाजी कापतात. भाचेबुवा झोपलेले असतात. त्यांची नैसर्गिक लय.

एप्रिलमध्ये पाचवीची वार्षिक परीक्षा झाली. दोघं दोस्त पास. सहावीचा मार्ग मोकळा. प्रगतिपुस्तक घेऊन ताई आईकडे आली, मीही तिथेच होतो. गुण कुणी बघितलेच नाहीत, सगळे शेऱ्याच्या रकान्यावर वाकले. बाईंनी लिहिलं होतं : ‘वर्गात सतत बोलतो.’

‘‘अगं आई, बोलतो!’’ ताईचे डोळे भरून आले. ‘‘सतत!’’

आईनं चष्मा सरकवून शेरा पुन्हा वाचला. ‘‘हे आम्ही तक्रार म्हणून लिहायचो,’’ ती म्हणाली आणि सही करायला पेन शोधू लागली.